थेट ग्राहकाला हापूस विकताना : बागायतदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान देवगड, रत्नागिरी, राजापूर, वेंगुर्ला अशा भागांतल्या लहान बागायतदारांसाठी आहे. दलालाच्या पट्टीवर, म्हणजे तो लावेल त्या हिशेबावर, अवलंबून न राहता काही पेट्या तरी थेट घरोघरी पोचवायच्या, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी. कलमांची निगा कशी राखायची हे इथे सापडणार नाही, ते तुम्हाला येतंच. ग्राहक मिळवायचा कसा, त्याच्याशी बोलायचं-लिहायचं कसं आणि पुढच्या वर्षी तोच ग्राहक आपणहून फोन करेल असं वागायचं कसं, एवढाच विषय आहे.

बाजारात आंबा भरपूर मिळतो. मग ग्राहक माझ्याकडून का घेईल?

कारण बाजारात त्याला खात्री मिळत नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आले. पण पुण्याच्या किंवा डोंबिवलीच्या रस्त्यावर हातगाडीसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या मानांकनाचा थेट उपयोग होत नाही. खोक्यावर ‘देवगड’ छापलेलं असतं आणि आत कर्नाटकातला आंबा असतो. कर्नाटकातलं फळ वाईट असतं असं नाही, पण ते त्याच्या खऱ्या नावाने विकलं जात नाही हे वाईट आहे. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा स्वस्त आंबा शोधत नाही, ज्याला जाब विचारता येईल असा माणूस शोधतो. तुमचं नाव, गाव आणि चालू असलेला फोन नंबर हे तुमचं पहिलं भांडवल.

पहिले ग्राहक कुठून आणायचे?

मुंबई-पुण्यातले आपले चाकरमानी, त्यांचे शेजारी, त्यांच्या ऑफिसातले सहकारी. प्रत्येक गावाची ही साखळी तयारच असते. एका सोसायटीत एक ओळखीचं घर असलं की तिथे पाच-सहा पेट्या सहज जातात, आणि गाडीला एकाच ठिकाणी उतरवायच्या असल्याने वाहतूकही परवडते. दुसरा चांगला मार्ग म्हणजे कृषी पणन मंडळाचे आंबा महोत्सव. पुण्यात ते दरवर्षी भरतात आणि तिथे उत्पादक स्वतः गाळ्यावर उभा राहतो. तिथे विक्रीपेक्षा वही महत्त्वाची. जो घेऊन जाईल त्याचं नाव, नंबर आणि ‘पुढच्या वर्षी कळवू का?’ या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. ‘नको’ म्हणाला तर नंबर घेऊ नका.

अनोळखी ग्रुपमध्ये जाहिरात टाकत सुटू नका. आणि पहिल्या वर्षी सगळा माल थेट विकायच्या भानगडीत पडू नका. निम्म्याहून अधिक माल नेहमीप्रमाणे वाशीच्या घाऊक बाजारात जाऊ द्या. तुम्ही, घरचे आणि एक-दोन गडी मिळून जेवढ्या पेट्या स्वतः निवडून भरू शकता, जेवढे फोन स्वतः उचलू शकता, तेवढेच ग्राहक घ्या.

जाहिरातीत नेमकं काय लिहायचं?

ग्राहक फोन करून जे विचारतो, तेच आधी लिहायचं. आंबा कुठल्या गावचा? एका फळाचं वजन साधारण किती? पेटीत किती नग? कच्चा येणार की तयार? किती दिवसांत पिकेल? घरपोच धरून किती रुपये? कधी निघेल, कधी पोचेल? खराब निघाला तर काय? या आठ प्रश्नांची उत्तरं असतील तर जाहिरात पूर्ण झाली. नमुना म्हणून असा मजकूर बघा :

‘आमच्या बागेतला हापूस, तालुका देवगड. एका फळाचं वजन २०० ते २५० ग्रॅम. दोन डझनांची पेटी. आंबा कच्चा, पूर्ण वाढलेला, देठासकट काढलेला असतो. तुमच्याकडे आल्यावर पाच ते आठ दिवसांत पिकेल. पेट्या सोमवारी आणि गुरुवारी निघतात, पुण्यात दुसऱ्या दिवशी पोचतात. पेटीचा दर ____ रुपये, त्यात घरपोच धरलं आहे. फळ खराब निघालं तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत किंवा पुढच्या पेटीत बदली.’

यात एकही भपकेबाज विशेषण नाही, तरी ग्राहकाला सगळं कळलं. ‘अस्सल’, ‘शाही’, ‘राजा’, ‘स्वर्गीय चव’ हे शब्द प्रत्येक खोक्यावर असतात, म्हणून ते कुणी वाचत नाही. ‘देठासकट काढलेला’ हे मात्र वाचलं जातं. नूतन झेल्याने (देठ कापून फळ जाळीत झेलणाऱ्या काठीने) देठ ठेवून काढलेल्या फळावर चीक ओघळत नाही, म्हणून सालीवर डाग पडत नाहीत आणि देठाकडून कुजही कमी होते. ही एवढीशी माहिती तुम्ही दोन ओळींत सांगितलीत की ग्राहक पेटी उघडल्यावर आधी देठ बघतो. तो दिसला की बाकीच्या ओळींवरही त्याचा विश्वास बसतो.

‘केमिकल फ्री’ लिहू का? सगळेच लिहितात.

खरं असेल तरच लिहा. बहुतेक बागांमध्ये मोहोरावर तुडतुडा, भुरी, करपा यांसाठी फवारण्या होतात. फुलकिडे आले की आणखी होतात. पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी कल्टार (मोहोर यावा म्हणून द्यायचं रसायन) घातलेलं असतं. हे करणारा बागायतदार गुन्हेगार नाही. पण हे करून ‘केमिकल फ्री’ लिहिणारा ग्राहकाला फसवतो आणि जो खरोखर सेंद्रिय बाग करतो त्या शेजाऱ्याचंही नुकसान करतो.

त्याऐवजी असं लिहिता येतं : ‘मोहोराच्या काळात कीड-रोगासाठी फवारणी करतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत औषधाच्या लेबलवर दिलेलं अंतर पाळतो. फळ पिकवायला कोणतीही पावडर वापरत नाही.’ असं लिहिल्यावर चार ग्राहक कमी होतील अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. हे वाचून लोक आणखी दोन प्रश्न विचारतात आणि मग पेटी मागवतात. जो विचारतो तो टिकतो.

आंबा कसा पिकवला हे सांगावं का?

अवश्य. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, हे आता शहरातल्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाला माहीत असतं आणि त्याच्या मनात तीच शंका असते. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, १०० पीपीएमच्या मर्यादेत. तुम्ही पेंढ्यात आढी लावून पिकवत असाल तर तसं सांगा, आढीचा फोटो टाका. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीनवर पिकवून देत असाल तर तेही तसंच सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कच्चाच पाठवत असाल तर सगळ्यात सोपं : पिकवणं ग्राहकाच्या घरी, त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

साक्याचं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि या धंद्यातली सचोटी इथेच कळते.

साका म्हणजे फळाच्या आत, बाठ्याजवळ गराचा भाग पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट राहतो. बाहेरून फळ देखणं, वास छान, दाबून बघितलं तरी काही कळत नाही. सुरी फिरली की कळतं. हापूस या जातीलाच हा दोष आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्यात साका धरत नाही. पण हापूस मागणाऱ्याला हापूसच हवा असतो, त्यामुळे साका गृहीत धरूनच वागावं लागतं.

तो कमी करण्यासाठी जे आपल्या हातात आहे ते करायचं. फळ झाडावर फार तयार होऊ द्यायचं नाही, वेळेत काढायचं. काढणी सकाळी उरकायची. काढलेला आंबा तापलेल्या कातळावर किंवा उन्हात पडू द्यायचा नाही, लगेच सावलीत न्यायचा. एवढं करूनही एखाद-दुसरं फळ निघणारच.

म्हणून ग्राहकाला हे आधी सांगायचं. पहिल्याच मेसेजमध्ये, पैसे घेण्याआधी : ‘हापूसमध्ये कधीकधी साका निघतो, तो बाहेरून आम्हालाही दिसत नाही. तुमच्या पेटीत निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, आम्ही भरून देऊ.’ या दोन वाक्यांनी केवढा फरक पडतो ते बघा. आधी न सांगता साका निघाला तर ग्राहकाच्या मनात ‘फसवलं’ हा शब्द येतो. आधी सांगितलेलं असेल तर तोच माणूस आपणहून मुलांना समजावतो, की याला साका म्हणतात, आंबेवाले काका बदलून देतील. फळ तेच, नुकसान तेवढंच.

आणि भरून देताना खळखळ करू नका. दोन डझनांत तीन निघाले, तीनांचे द्या. ‘एवढे कसे निघतील?’ असं विचारायचं नाही. मागच्या लॉटमधल्या तक्रारी वहीत मांडून ठेवल्या की कुठल्या कलमांच्या फळांत साका जास्त येतो हेसुद्धा हळूहळू ध्यानात येतं, आणि त्या भागाची काढणी पुढच्या वेळी लवकर धरता येते. हंगाम सुरू होतानाच बदलीसाठी थोडा माल हिशेबात बाजूला धरा. तो तोटा नाही, खताच्या आणि खोक्यांच्या खर्चासारखाच तो पेटीच्या दरात बसवायचा.

तक्रारीचा मेसेज आला की पहिलं उत्तर काय द्यायचं?

त्याच दिवशी द्यायचं, हे पहिलं. एप्रिलमध्ये दिवसभर झाडाखाली असलात तरी रात्री जेवणाआधी मेसेज बघायचे, किंवा घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यायचं. बऱ्याच घरांत हे काम सुनेकडे किंवा कॉलेजातल्या मुलाकडे असतं आणि ती मंडळी ते उत्तम करतात. मात्र परत किती द्यायचं याचा अधिकारही त्यांनाच द्या. ‘बाबांना विचारून सांगते’ यात तीन दिवस जातात.

उत्तराची सुरुवात चौकशीने करू नका. ‘फ्रिजमध्ये ठेवले होते का?’, ‘पेटी उशिरा उघडलीत का?’ हे प्रश्न बरोबर असले तरी पहिल्या ओळीत आले की आरोप वाटतात. आधी ‘पेटी नीट पोचली नाही याचं वाईट वाटतं. तुमचे सहा आंबे आम्ही भरून देऊ’ असं लिहा. कारण नंतर शोधू. आणि ते सापडलं, म्हणजे समजा गाडीत पेटी उन्हात राहिली होती, तर तेही ग्राहकाला कळवा. पैसे परत दिल्यावर कुणी विक्रेता कारण सांगायला फोन करत नाही. तुम्ही केलात तर तो ग्राहक तुम्हाला विसरत नाही.

पेटीत चिठ्ठी घालावी का?

घालावी. छापील, मोठ्या अक्षरांत, मराठीत. शहरात आंबा आणणारा एक असतो आणि तो पिकवणारा दुसराच, बहुधा आजी किंवा घरकामाला येणारी ताई. व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, चिठ्ठी पोचते. मजकूर एवढा पुरे :

‘पेटी आली त्याच दिवशी उघडा. आंबे बाहेर काढून पेंढ्यावर किंवा वर्तमानपत्रावर एका थरात मांडा, देठ वर. ऊन लागू देऊ नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. कच्चा आंबा थंडीत नीट पिकत नाही, साल काळवंडते. तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा बघा. वास सुटला आणि बोटाखाली फळ किंचित मऊ लागलं की तयार झालं. सगळे एकदम पिकणार नाहीत, झालेले बाजूला काढत जा. साल थोडी सुरकुतली तरी फळ चांगलं असतं, तेव्हा ते उलट जास्त गोड लागतं. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा. पिकलेले उरले तर मग फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.’

खाली नाव, गाव आणि नंबर. या चिठ्ठीने निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. सुरकुतलेला आंबा ‘खराब’ म्हणून टाकून देणारे लोक आहेत, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

‘एवढा महाग का?’ असं विचारल्यावर काय सांगायचं?

चिडू नका, खर्च सांगा. फवारण्या, राखण, काढणीची मजुरी, खोकं, पेंढा, गाडीभाडं, बदलीचा माल. चार-पाच ओळींत मांडता येतं. शहरातल्या माणसाला राखणीचा खर्च माहीतच नसतो. माकडांसाठी आणि चोरांसाठी महिनोन्‌महिने माणूस बागेत ठेवावा लागतो, हे ऐकून तो थक्क होतो.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर उतरणार असेल तर तेही सांगा. मार्चमध्ये आमरसासाठी पाच डझन मागणाऱ्या आजींना ‘आजी, आत्ता एकच डझन घ्या, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दर उतरतो, तेव्हा रसाचे देतो’ असं सांगणारा बागायतदार त्या घरात कायमचा होतो. आज चार डझन कमी गेले, पण मेमध्ये ते जातीलच, शिवाय शेजारणीचेही जातील. एकाच सोसायटीत दोघांना दोन दर मात्र कधीच लावू नका. संध्याकाळी जिन्यात सगळं कळतं.

मोहोर उशिरा आला, अवकाळी झाला. बुकिंग घेतलेल्यांना काय कळवू?

जे झालं ते, झालं त्याच आठवड्यात. अक्षय्य तृतीयेला आंबे देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले असतील आणि फळ तोवर तयार होणार नसेल, तर ते तुम्हाला पंधरा दिवस आधी दिसलेलं असतं. तेव्हाच लिहा : ‘या वर्षी पहिला मोहोर गळला, दुसऱ्या मोहोराचं फळ मेच्या सुरुवातीला तयार होईल. सणाला आमचा आंबा पोचणार नाही. थांबायचं असेल तर तुमची पेटी राखून ठेवतो, नसेल तर पैसे आजच परत करतो.’ दोन्ही पर्याय खरे असले पाहिजेत. पैसे परत म्हटलं की त्याच संध्याकाळी करायचे. गैरसोय होऊनही बहुतेक जण थांबतात. सणाच्या आदल्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्याकडे कुणी परत येत नाही, आणि येऊही नये.

कोवळा आंबा काढून तारीख पाळणं हा तिसरा पर्याय नाही. असा आंबा पिवळा होतो, पण गोड होत नाही.

वर्षभर मेसेज पाठवत राहायचं का?

थोडेच, पण कामाचे. डिसेंबर-जानेवारीत मोहोराचा फोटो आणि दोन ओळी. फेब्रुवारीच्या शेवटी फळ किती धरलंय आणि अंदाजे कधी सुरू होईल. मार्चमध्ये दर आणि बुकिंग. जूनमध्ये आभार, आणि हंगाम कसा गेला हे प्रामाणिकपणे. शुभ सकाळ, सुविचार, विनोद यांतलं काही नको. तुमचा मेसेज आला म्हणजे आंब्याची बातमी आली, एवढं त्या नंबरचं वजन राहू द्या.

तांत्रिक बाब एवढीच की व्हॉट्सॲपवर ग्रुप करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. ग्राहकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. एका यादीत २५६ नावं बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून चिठ्ठीवर ‘हा नंबर सेव्ह करा’ असं छापा. कुणी ‘यादीतून काढा’ म्हणालं तर लगेच काढा.

फोटो कसे काढायचे?

स्वतःच्या बागेत, स्वतःच्या फोनने, त्या दिवशीचे. एक फळ वजनकाट्यावर ठेवून काढलेला फोटो शंभर सजवलेल्या ताटांपेक्षा जास्त सांगतो.

माझा माल संपला. शेजाऱ्याचा भरून देऊ?

सांगून द्या. ‘आमची बाग संपली, आता वाडीतल्या शेजाऱ्यांचा आंबा आहे, मी स्वतः निवडून भरतो’ असं लिहिलं तर कुणी नाक मुरडत नाही. न सांगता दिला आणि चव बदलली, तर पुढच्या वर्षी तुमच्या स्वतःच्या आंब्यावरही शंका घेतली जाते. बाहेरच्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला माल आपल्या खोक्यात घालायचा नाही, यावर चर्चा नको. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायची पद्धत आणली, ती याच भेसळीला कंटाळून. संस्थेचे सभासद असाल तर स्टिकर जरूर लावा आणि तो कसा तपासायचा हे ग्राहकाला लिहून कळवा. नुसता चिकटवला तर तो शोभेचा राहतो.

आंबापोळी, पल्प, लोणचंही विकू का?

विका, पण आधी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. बागेतलं ताजं फळ विकणं आणि प्रक्रिया केलेला पदार्थ विकणं यांत कायदा फरक करतो. लेबलवर घटक, उत्पादनाची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ते हवं. साखर किती घातली तेही लिहा, लोक विचारतातच.

अमेरिकेतला मुलगा विचारतोय, पाठवाल का?

तिकडे कुरियरने आंबा जात नाही. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातो तो विकिरण प्रक्रिया करून, मान्यताप्राप्त केंद्रातून आणि निर्यातदारामार्फत. युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया लागते. तेव्हा ‘नाही’ म्हणा आणि कारण सांगा.

पण हाच मुलगा तुमचा फार चांगला ग्राहक होऊ शकतो, कारण त्याला ठाण्यातल्या आई-वडिलांना पेटी द्यायची असते. इथे पैसे देणारा एक आणि आंबा खाणारे दुसरे, म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं. ऑर्डर घेतानाच दोन्ही नंबर लिहून घ्या. मुलाला पैसे मिळाल्याची पोच, पेटी निघाल्याचा फोटो आणि पोचल्याचा मेसेज. तिकडे रात्र असली तरी हरकत नाही, सकाळी बघेल. काकांना मात्र फोनच करायचा, आदल्या दिवशी : कोण घेऊन येईल, साधारण किती वाजता, लिफ्ट आहे का, पैसे द्यायचे नाहीत, मुलाने दिलेत. पेटी दारात न ठेवता आत नेऊन द्यायला गाडीवाल्याला सांगा. आठवड्याने काकूंना एक फोन करा आणि किती पिकले ते विचारा. मुलाच्या पुढच्या ऑर्डरचा दिवस बहुतेक वेळा त्याच फोनवर ठरतो.